गिझर न बदलता गरम पाणी: मानपाड्याच्या एका दुरुस्ती-दुकानाबद्दल

गेल्या अडीच वर्षांत ठाण्यात घोडबंदर रोडवरचे आमचे घर आणि नौपाड्यातले सासूबाईंचे घर मिळून गिझरची आणि नळाची एकूण नऊ कामे मी एकाच दुकानाकडून करून घेतली. त्यांपैकी सात चांगली झाली, एक कसेबसे झाले आणि एक असे झाले की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतावर त्याचा डाग अजून दिसतो. एवढा हिशेब हाताशी असल्यावर परीक्षण लिहायला हरकत नाही. दुकानाचे नाव मात्र लिहीत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. "नाव टाकू नका ताई, आहेत ती गिऱ्हाइकं वेळेत आटपत नाहीत," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या वेळेबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते वाचल्यावर त्यात विनय कमी आणि वस्तुस्थिती जास्त आहे हे लक्षात येईल. मानपाडा आणि पाटलीपाडा यांच्या दरम्यान, मुख्य रस्त्यापासून आत, टाकीच्या बॉल कॉकचे निळे गोळे माळेसारखे दारावर टांगलेले दुकान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ते ओळखू येईल.

दुकान म्हणजे जेमतेम दहा फुटांचा गाळा. काउंटरमागे मालक बसतात, ज्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी अठरा वर्षे एका गिझर कंपनीच्या सेवा केंद्रात काढलेली आहेत. हाताखाली तीन कारागीर आहेत. त्यांतला सर्वांत जुना कारागीर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला आहे. देशभरातल्या शहरांत प्लंबिंग करणारे कितीतरी लोक त्या एका जिल्ह्यातून येतात, हे मला त्याच्याकडूनच प्रथम कळले. साठवणीचे गिझर, स्वयंपाकघरातले छोटे इन्स्टंट गिझर, प्रेशर पंप, भिंतीतले मिक्सर (गरम आणि गार पाणी मिसळून देणारे नळ), गळके जोड, फ्लश टँक ही कामे ते घेतात. वॉरंटीत असलेल्या गिझरला ते हात लावत नाहीत, आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा असे सांगून फोन ठेवतात.

आमचा पहिला संबंध आला तो कोमट पाण्यावरून. आमच्याकडे २५ लिटरचा गिझर आहे. अडीच वर्षांपूर्वीच्या थंडीत बाथरूमच्या कोणत्याही नळाला कढत पाणी येईना. गिझरचा दिवा लागे, ठरल्या वेळी विझे, पण नळातून पहिल्या क्षणापासून पाणी कोमटच. मोबाइल ॲपवरून बोलावलेल्या पहिल्या माणसाने थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या तापमानाला गिझर बंद करणारा भाग, बदलला, सातशे रुपये घेतले आणि पाणी होते तसेच राहिले. दुसऱ्याने गिझरवर दोनदा टिचकी मारून टाकी गेल्याचे निदान केले आणि नवीन गिझरचे दर लगेच मोबाइलवर दाखवले. नवा गिझर घेण्याची आमची तयारीही झाली होती. सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या एका आजोबांनी या दुकानाचा नंबर दिला, म्हणून ते दहा-बारा हजार वाचले.

केंद्रपाड्याचा कारागीर आला तेव्हा त्याने पिशवी दाराशी ठेवली आणि प्रश्न विचारला, तो मला त्या वेळी अगदी अवांतर वाटला: आंघोळ झाल्यावर गिझरचा दिवा पुन्हा किती वेळाने लागतो? आठवून पाहिले तर आंघोळीनंतर दिवा लागतच नसे. त्याने मान हलवली, स्टुलावर चढून गिझरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपाला बोट लावले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. गिझरमध्ये पाणी कढत होते. ते वापरलेच जात नव्हते.

मग त्याने जे केले ते इतके सोपे होते की आधीच्या दोघांना ते सुचले नाही याचा मला अजून राग येतो. गिझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक त्याने पूर्ण बंद केला आणि बेसिनचा नळ गरम बाजूला फिरवून सोडला. साठवणीच्या गिझरमधून गरम पाणी बाहेर पडते ते मागून थंड पाणी आत ढकलले जाते म्हणून. मागची वाट बंद केली की पाइपातले थोडे पाणी येऊन नळ थांबायला हवा. आमचा नळ थांबला नाही. बारीक धारेने पण अखंड, गार पाणी येत राहिले. याचा अर्थ घरात कुठेतरी थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपात घुसत होते. त्याने बेसिनखालचा थंड पाण्याचा कॉक बंद करून पाहिला, धार तशीच राहिली. म्हणजे बेसिनचे मिक्सर निर्दोष ठरले आणि उरला शॉवरचा भिंतीतला डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारे मिक्सर. त्याचा दांडा बंद असतानाही आतल्या कार्ट्रिजमधून थंड पाणी गरम बाजूला जात होते, आणि गिझरचे पाणी नळापर्यंत पोहोचेपर्यंत त्यात हे गार पाणी मिसळत होते.

कार्ट्रिज म्हणजे दांड्याखाली बसणारा, लहान डबीएवढा भाग. आमच्याकडे तो ४० मिलिमीटरचा निघाला. त्यात चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि खाली रबरी सील असतात. कारागिराने डक्टमधला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला, वॉल्व्ह बंद केला, दांड्यावरचे लाल-निळे बटण नखाने काढून त्याखालचा बारीक स्क्रू ॲलन कीने सैल केला, पितळी रिंग पान्याने उघडली आणि कार्ट्रिज बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. सीलच्या कडेला गंजाचे आणि वाळूचे, मोहरीपेक्षा लहान असे पाच-सहा कण रुतून बसले होते आणि रबराला त्यांनी खाच पाडली होती. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतर पहिले पाणी तसेच घरात सोडले की हे कण येतात, असे त्याने सांगितले. नवीन कार्ट्रिज ९५० रुपये, मजुरी ४००. त्या दिवसापासून सोसायटीत टाकी धुतल्याची सूचना लागली की मी आधी मोरीतला साधा नळ पाच मिनिटे वाहू देते आणि मगच मिक्सरला हात लावते.

जाताना त्याने गिझरकडे पाहून विचारले की हा साफ कधी केला होता. कधीच केला नव्हता. नौपाड्याच्या घरात सासूबाईंचा गिझर बारा वर्षे एकदाही न उघडता चालला होता, त्यामुळे गिझर साफ करायचा असतो हीच कल्पना आम्हाला नवी होती. पण नौपाडा आणि घोडबंदर यांत फरक पाण्याचा आहे. महापालिकेचे नळाचे पाणी नदीचे, म्हणजे मुख्यतः पावसाचे, आणि ते गुणाने मऊ असते. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक सोसायट्यांना ते पुरत नाही आणि उन्हाळ्यात तर दिवसाला कितीतरी टँकर आत येतात. टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे किंवा बोअरचे आहे हे विचारायची सोय नसते, कारण टँकर आला यातच सगळे समाधानी असतात.

काकांच्या काउंटरवर एक लहान बाटली असते. पाण्याच्या नमुन्यात तिचे थेंब टाकायचे आणि वाईनसारखा लालसर रंग निळा व्हायला किती थेंब लागले ते मोजायचे; त्यावरून पाण्याचा जडपणा कळतो. मी मे महिन्यात दोन बाटल्या भरून नेल्या होत्या. नौपाड्याचे पाणी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आले आणि आमच्या सोसायटीचे ४०० च्या पुढे गेले. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते, म्हणजे आमचे पाणी पिण्याला अयोग्य ठरत नव्हते, पण गिझरच्या दृष्टीने ते वाईटच होते, कारण जड पाणी तापले की आत क्षारांचा थर बसतो. पाण्याच्या फिल्टरवाले टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, मीटर बुडवून जो आकडा दाखवतात तो यासाठी पुरेसा नाही, कारण त्यात मीठही धरले जाते आणि मिठाचा थर बसत नाही. थर बसतो तो कॅल्शियमचा आणि मॅग्नेशियमचा. हा भेद मला काकांनी समजावला, आणि नंतर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भावाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आमचा गिझर पहिल्यांदा सफाईसाठी उघडला तो प्रसंग मी मुद्दाम शेजारी उभी राहून पाहिला. वीज बंद केली, प्लग काढला, टेस्टरने खात्री केली, पाणी बादल्यांत सोडले आणि खालचे झाकण बोल्ट काढून उतरवले. झाकणाबरोबर पाणी तापवणारी कॉइल बाहेर आली ती पाकात बुडवून वाळवलेल्या चिरोट्यासारखी दिसत होती, आणि तिच्यामागून शिंपल्यांच्या चुऱ्यासारखा पांढरा-पिवळा माल घमेल्यात पडत राहिला. घमेल्याचा तळ झाकला गेला. टाकीच्या आत पोलादावर काचेसारखा लेप असतो, म्हणून कारागिराने खरवडायला लाकडी पट्टी वापरली. कॉइल त्याने सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या लिंबूसत्त्वाच्या, कोमट पाण्यात बुडवून ठेवली. बाथरूम धुण्याचे तीव्र ॲसिड गिझरमध्ये ओतून दहा मिनिटांत काम उरकणारे लोक मी नंतर पाहिले आहेत. त्याने थर लवकर निघतो हे खरे, पण कॉइलचे तांबे आणि टाकीचे जोडही त्यात भाजून निघतात.

सर्वांत बोलकी होती ती मॅग्नेशियमची कांडी. काचेच्या लेपात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी भोके राहतातच आणि तिथून पोलाद गंजू शकते. त्याऐवजी गंजून जायला म्हणून ही कांडी टाकीत सोडलेली असते. ती संपली की पाणी टाकीकडे वळते. आमच्या कांडीची मधली तार आणि तिला चिकटलेल्या दोन-तीन गाठी एवढेच उरले होते, चोखून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखे. गिझरवर सात वर्षांची टाकीची वॉरंटी आहे हे आम्हाला दुकानदाराने मोठ्या अक्षरांत सांगितले होते. कांडी वेळोवेळी बदलायची असते हे कोणीच सांगितले नव्हते. नवीन कांडी, झाकणाचे नवीन गॅस्केट आणि सफाई मिळून १,४५० रुपये झाले.

थरामुळे विजेचे बिल वाढते असे सगळीकडे ऐकायला मिळते आणि सफाईची जाहिरातही त्याच आधारावर केली जाते. काकांनी तसे सांगून गिऱ्हाईक घाबरवले नाही, हे मला विशेष आवडले. त्यांचे म्हणणे असे की कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते; २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट वीज लागते आणि २००० वॅटच्या कॉइलला त्यासाठी अर्धा तास लागतो, हा हिशेब थराने फारसा बदलत नाही. तोटा निराळाच आहे. थराच्या कांबळ्याखाली कॉइल स्वतः प्रमाणाबाहेर तापते, तिचे आवरण तडकते, पाणी आत शिरते आणि मग एक दिवस आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच, पडून घरातली वीज जाते किंवा कॉइल जळते. शिवाय थर्मोस्टॅटची नळी कॉइलच्या शेजारी त्याच थरात गाडली गेली, तर तिला कॉइलचीच उष्णता लागते आणि पाणी पुरते तापण्याआधी दिवा विझतो. गिझरमधून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येऊ लागला की सफाईची वेळ झाली असे समजावे, आणि थर्मोस्टॅट ७५ वर ठेवण्याऐवजी ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावा, कारण पाणी जितके जास्त तापते तितका थर लवकर धरतो, असे ते सांगतात. मी ५८ च्या आसपास ठेवते. आमच्या घरी त्यावरून कुरकूर झाली, पण बादलीत गार पाणी मिसळायचे कमी झाले यापलीकडे कोणाला फरक जाणवला नाही.

आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. त्यांच्या गिझरखालच्या सेफ्टी वॉल्व्हमधून रोज सकाळी पाणी ठिबकत असे आणि कपडे धुण्याच्या यंत्रावर पडत असे. कोणा प्लंबरने तो उपद्रव कायमचा मिटवला होता: वॉल्व्हच्या तोंडावर त्याने टेफ्लॉन टेप गुंडाळून पितळी एंड कॅप घट्ट बसवली होती. माझ्याकडे आलेल्या कारागिराला मी सहज त्यांच्याकडे एक नजर टाकायला नेले, तर ती कॅप पाहून तो बोलायचाच थांबला. आधी गिझर बंद केला, मग गरम नळ सोडून दाब उतरवला आणि त्यानंतरच त्याने पाना काढला.

ठिबकणे हा त्या वॉल्व्हचा दोष नसतो. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेले की साधारण ३५० मिलिलिटर, म्हणजे दीड-दोन पेले, पाणी जास्तीचे होते. नळ बंद असेल तर ते पुढे जाऊ शकत नाही आणि वॉल्व्हमध्ये पाणी मागे न जाऊ देणारी झडप असल्यामुळे मागेही जाऊ शकत नाही. मग दाब वाढतो आणि ठरावीक दाबाला वॉल्व्ह उघडून ते थेंब बाहेर सोडतो. उंच इमारतींसाठीचे गिझर ८ बार दाबाचे असतात, म्हणजे सुमारे ८० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब ते पेलू शकतात. पण बाहेर पडायची वाट बुजवली आणि थर्मोस्टॅटही चिकटला, तर ही क्षमता अपुरी पडते आणि मग फुटते ती टाकी. शेजाऱ्यांकडे त्याने नवीन वॉल्व्ह लावला, त्याच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडली आणि ती मोरीच्या जाळीपर्यंत नेऊन सोडली. एकूण खर्च साडेसहाशे रुपये. शेजारच्या वहिनींनी ती एंड कॅप फेकून दिली नाही. शोकेसमध्ये नाही, पण खिळ्यांच्या डब्यात ठेवली आहे आणि नवीन प्लंबर आला की त्याला दाखवतात.

एवढे वाचून हे दुकान म्हणजे आदर्श सेवा, असे कोणाला वाटले असेल तर आता उरलेल्या दोन कामांकडे वळते. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी नवीन नळजोड काढायचा होता. जुना कारागीर गावी गेला होता म्हणून काकांनी एका नवख्या मुलाला पाठवले. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, पाइपाचा जोड सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवतात आणि तो सुकायला वेळ द्यावा लागतो. नेमका किती, ते डब्यावर छापलेले असते. मुलाने दहा मिनिटांत पाणी सोडले, थेंब नाही असे मला दाखवले, पैसे घेतले आणि गेला. रात्री जोड हळूच सुटू लागला. टाइल्सच्या मागून पाणी गेल्यामुळे आम्हाला काहीच दिसले नाही. सकाळी खालच्या मजल्यावरचे काका, हे दुकानाचे काका नव्हेत, दार वाजवून वर आले आणि त्यांच्या छतावर ताटाएवढा ओला डाग पडलेला होता. दुकानाने दुसऱ्या दिवशी येऊन जोड फुकट बदलून दिला, दिलगिरीही व्यक्त केली, पण छताच्या रंगाचा खर्च देण्याचा विषय काढल्यावर मालक काउंटरवरच्या वॉशरच्या डब्या लावू लागले. तो खर्च आम्ही दिला. रंगाचा एक हात अजून द्यायचा आहे, म्हणून डागाची कड दिसते.

दुसरी तक्रार कौशल्याची नाही, भिंतीची आहे. भिंतीतले काम करताना यांना टाइल फोडता येते, लावता येत नाही. फ्लश टँकच्या भिंतीतल्या कॉकसाठी त्यांनी जी टाइल काढली ती जागा पांढऱ्या सिमेंटने भरून दिली आणि त्याला ते काम झाले असे म्हणतात. टाइलवाला आम्हालाच शोधावा लागला, आणि एका टाइलसाठी टाइलवाला शोधणे हे ठाण्यात भाड्याने घर शोधण्यापेक्षा अवघड आहे. ज्यांच्याकडे जुन्या टाइल्सचे सुटे नग शिल्लक नाहीत त्यांनी फोडण्याआधी याचा विचार करावा.

वेळेबद्दल थोडक्यात लिहिते. "अकरा वाजता येतो" याचा अर्थ दुपारचे दीड असा धरला तर निराशा होत नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे वाहतूक तुंबते हे कारण बऱ्याचदा खरे असते. दुकान आणि आमची इमारत रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत हेही तितकेच खरे आहे. फोन मालक स्वतः उचलतात, पण दुपारी दोन ते चार उचलत नाहीत. पाणी जोरात वाहत असेल, आरसीसीबी पडत असेल, अशा तातडीच्या वेळी यांची वाट पाहू नये. डक्टमधला वॉल्व्ह बंद करावा किंवा गिझरचा स्विच बंद करून प्लग काढावा आणि जवळ जो माणूस मिळेल त्याला बोलवावे. न घाईचे, पण डोके लावून करायचे काम असेल तर मात्र थांबणे परवडते.

नौपाड्याच्या घरी त्यांनी जो सल्ला दिला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिथली इमारत जुनी, पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, आणि बाथरूमला पाण्याचा जोर उरलाच नव्हता. काकांनी एक तुकडा कापून दाखवला: अर्धा इंची पाइपाच्या आत गंज इतका साचला होता की त्यातून पेन्सिल जाईना. आधी आलेल्या ठेकेदाराने सगळे बाथरूम फोडून नवे पाइप भिंतीत घालण्याचा पंचावन्न हजारांचा अंदाज दिला होता. काकांनी चहा घेता घेता सासूबाईंना विचारले, "आजी, इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे ना?" सोसायटीत त्याच्या सभा चालू आहेत हे कळल्यावर त्यांनी भिंतीला हातच लावू दिला नाही. जुना पाइप बंद करून बाहेरून, भिंतीवर क्लिपा मारून, सीपीव्हीसीची उघडी लाइन टाकून दिली. सहा हजार दोनशे रुपये झाले. ती दिसायला सुंदर नाही. सासूबाई तिला आगगाडी म्हणतात. पण पाणी जोरात येते, आणि दोन-तीन वर्षांत पाडल्या जाणाऱ्या भिंतीत पंचावन्न हजार गाडले गेले नाहीत.

त्याच भेटीत सासूबाईंनी गॅस गिझर बसवून मागितला होता, कारण पाइपचा गॅस घरात आलेला आहे आणि पाणी लगेच तापते. त्यांचे बाथरूम लहान, खिडकीला काच पक्की बसवलेली. काकांनी नकार दिला. गॅस जळताना बंद जागेतला प्राणवायू कमी होतो आणि अर्धवट ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही की रंग नाही, त्यामुळे आंघोळ करणाऱ्याला कळण्याआधीच शुद्ध हरपू शकते. गिझर बाहेरच्या उघड्या गॅलरीत बसवता येत असेल तरच लावून देतो, असे ते म्हणाले. गॅलरी नाही, म्हणून गिझरही लागला नाही. सासूबाई आठवडाभर रुसल्या आणि विजेचा जुना गिझर, कॉइल बदलून, चालू आहे.

दरांचा उल्लेख वर आलाच आहे. भेटीचे २५० रुपये घेतात आणि काम दिले तर ते मजुरीत धरतात. जुना काढलेला भाग न मागता हातात देतात, ही सवय मला फार महत्त्वाची वाटते; बदललेला थर्मोस्टॅट परत देणारा ॲपवरचा माणूस मला अजून भेटलेला नाही. पावती मात्र मागावी लागते आणि मिळते ती वहीच्या पानावर. सुट्या भागांची किंमत बाजारापेक्षा शंभर-दीडशे रुपयांनी जास्त असते. मी एकदा कार्ट्रिज स्वतः ऑनलाइन मागवले, ते ३५ मिलिमीटरचे निघाले, परत पाठवण्यात दहा दिवस गेले, आणि त्यानंतर त्या जादा शंभराबद्दल मी बोलणे सोडले.

प्रत्येक सफाईनंतर ते गिझरच्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी चिकटवतात आणि तिच्यावर बॉलपेनने तारीख, कांडी किती उरली होती ते आणि पुढच्या सफाईचा महिना लिहितात. आमच्या गिझरवर अशा तीन चिठ्ठ्या एकाखाली एक आहेत. पहिलीवर कांडीपुढे शून्य लिहिलेले आहे, दुसरीवर अर्धी, तिसरीवर पुन्हा अर्धी. तिसऱ्या चिठ्ठीवरचा महिना उलटून आता तीन आठवडे झाले. मी दोनदा फोन केला. काका म्हणाले, "गुरुवारी माणूस पाठवतो." कोणत्या गुरुवारी ते मी विचारले नाही, दीड वाजेपर्यंत घरी थांबायची तयारी ठेवली आहे आणि घमेले गॅलरीत काढून ठेवले आहे.